टॉर्क रेंच ‘टक्’ वाजतो, तरी बोल्ट सैल पडतो : किलो-मीटर, न्यूटन-मीटर आणि दहाचा घोळ

मरोळ एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सिरपच्या बाटल्या भरून त्यांना झाकणं लावणारी एक लाइन आहे. मी तिथे मेंटेनन्स बघते. झाकण पिळणारं हेड ॲल्युमिनियमच्या बॉडीवर चार एम-६ (सहा मिलिमीटर जाडीच्या) बोल्टांनी बसवलेलं आहे. गेल्या पावसाळ्यात चार महिन्यांत तीनदा त्या भोकांचे आटे गेले. प्रत्येक वेळी क्रम तोच. आधी बोल्ट सैल पडायचे आणि हेड थरथरायला लागायचं. मग कुणीतरी ते आवळायचं. आठ-दहा दिवसांनी एखादा बोल्ट नुसताच फिरत राहायचा. बाहेर काढला की त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चमकदार तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असायची. ती तार म्हणजे भोकाचे आटे, बोल्टाबरोबर उपटून आलेले.

बोल्ट टॉर्क रेंचनेच (लावलेल्या आकड्याइतका पीळ, म्हणजे टॉर्क, बसला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याने) आवळता, रेंच व्यवस्थित वाजतो, तरीही बोल्ट सैल पडत असेल किंवा आटे जात असतील, तर पुढचं सगळं वाचा. आम्ही तीन महिने चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

पहिल्यांदा वाटलं, बोल्टच हलके आहेत. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबुतीचे, नवे बोल्ट आणले. मग स्प्रिंग वॉशर बदलले, आट्यांना लॉकिंगचं औषध लावलं. हेडचा बॅलन्स तपासला. लॉकिंगच्या औषधाने प्रश्न आठवडाभर लांबला, इतकंच. दोन भोकांत हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागली आणि त्या दोन्ही दिवशी लाइन अर्धा-अर्धा दिवस बंद राहिली.

कारण सापडलं ते नाईट शिफ्टला थांबले त्या रात्री. नाईटचा मुलगा कामाला चोख आहे. त्याने मशीनशेजारच्या भिंतीवरचं कार्ड बघितलं आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर ०.८ वर लावला. बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवला, त्यानंतर जेमतेम थोडासा फिरवला आणि ‘टक्’. पुढचा बोल्ट, पुन्हा ‘टक्’. मला तो आवाज फार लवकर आल्यासारखा वाटला. साधा पाना घेऊन तोच बोल्ट आवळून बघितला, तर दोन बोटांच्या जोराने फिरला.

कार्डावर लिहिलं होतं: एम-६ : ०.८, एम-८ : २.०, एम-१० : ४.०. एकक नव्हतंच. आकडे मशीनच्या जुन्या पुस्तिकेतले, आणि पुस्तिकेत ते किलोग्राम-मीटरमध्ये (आमच्या बोलण्यात ‘किलो-मीटर’, रस्त्याचा किलोमीटर नव्हे) दिलेले. टॉर्क स्क्रूड्रायव्हर मात्र नवा, न्यूटन-मीटरचा. ०.८ किलो-मीटर म्हणजे ७.८५ न्यूटन-मीटर. मुलगा लावत होता ०.८ न्यूटन-मीटर, म्हणजे हव्या त्याच्या दहाव्या भागाइतका जोर. सकाळी डे शिफ्टचे मिस्त्री काका येऊन सैल बोल्ट बघायचे आणि पाना घालून कचकचून आवळायचे. त्यांच्याजवळचा जुना रेंच किलो-सेंटीमीटरचा. तो ८० वर लावायचा हे त्यांना पाठ होतं. पण घाईत रेंच कोण शोधणार? रात्री कमी, सकाळी जास्त. ॲल्युमिनियमच्या आट्यांनी हे तीन महिने सहन केलं, हेच विशेष.

ते कार्ड मीच टाइप करून लॅमिनेट केलेलं. एकक गाळलं कारण आमच्याकडे तेव्हा एकच रेंच होता आणि सगळ्यांना ‘माहीतच’ होतं. याची खंत मला अजून आहे.

घोळ नेमका कुठे होतो

टॉर्कच्या एककाच्या नावात दोन शब्द असतात: एक जोराचा, एक लांबीचा. किलो-मीटर म्हणजे एक किलो वजन एक मीटर लांब दांडीच्या टोकाला टांगल्यावर मुळाशी बसणारा पीळ. न्यूटन-मीटरमध्ये दांडी तीच, पण टोकाला एक न्यूटन जोर. म्हणजे सुमारे १०२ ग्रॅम वजन, मध्यम आकाराच्या लिंबा-दोन लिंबांइतकं. किलो-सेंटीमीटरमध्ये वजन पुन्हा किलोचं, पण दांडी बोटाच्या पेराहून लहान.

आता बघा. किलोचे न्यूटन करायचे तर ९.८०६६५ ने गुणायचं, ढोबळ दहाने. मीटरचे सेंटीमीटर करायचे तर शंभराने गुणायचं. या दोन्ही गोष्टी एकदम केल्या की हात चुकतो. न्यूटन-मीटरवरून किलो-सेंटीमीटरला जाताना शंभराने गुणून ९.८ ने भागायचं असतं, उत्तर १०.२ पट. म्हणजे इथेही ‘दहाने गुणा’. आणि किलो-मीटरवरून न्यूटन-मीटरला जातानाही ‘दहाने गुणा’. न्यूटन-मीटर मधोमध बसलाय, त्याच्या एका बाजूला किलोचं मोठं एकक आणि दुसऱ्या बाजूला किलोचंच छोटं एकक, आणि दोन्हीकडचं अंतर साधारण दहा. कारागिराच्या डोक्यात फक्त ‘किलो आणि न्यूटनमध्ये दहाचा फरक’ एवढंच राहतं. गुणायचं की भागायचं, हे किलोच्या मागे मीटर आहे की सेंटीमीटर यावर ठरतं, आणि बोलताना नेमका तोच शब्द आपण गिळतो.

म्हणून आमच्याकडे आता एक नियम आहे: एका वेळी एकच शब्द बदलायचा. किलो-मीटरचे आधी न्यूटन-मीटर करा, मीटरला हात लावू नका. मग हवे तर न्यूटन-मीटरचे न्यूटन-सेंटीमीटर करा, न्यूटनला हात लावू नका. कागदावर दोन ओळी जास्त लागतात, पण चूक होत नाही. ज्यांना शिडी आवडते त्यांच्यासाठी आमच्याच बोल्टाचं उदाहरण, वरून खाली:

०.८ किलो-मीटर
७.८५ न्यूटन-मीटर
८० किलो-सेंटीमीटर
७८५ न्यूटन-सेंटीमीटर
७,८४५ न्यूटन-मिलिमीटर

चारही पायऱ्या सुमारे दहापटीच्या आहेत. नेमकं हवं असेल तर पहिली ९.८०६६५ ची, दुसरी १०.१९७ ची, तिसरी पुन्हा ९.८०६६५ ची आणि शेवटची बरोबर दहाची. एक पायरी सोडून उडी मारली की शंभर येतात, आणि किलो-मीटर ते किलो-सेंटीमीटर किंवा न्यूटन-मीटर ते न्यूटन-सेंटीमीटर हे शंभर अगदी नेमके असतात, कारण तिथे फक्त लांबी बदलते.

९.८ च्या जागी सरळ दहा धरले तर चालतं का, हे मला नेहमी विचारतात. फरक दोन टक्क्यांचा पडतो. चांगल्या क्लिक रेंचची स्वतःची चूकच साधारण चार टक्क्यांपर्यंत मान्य असते. तेव्हा मशीनचा बोल्ट आवळताना दहा धरलेले चालतात. कॅलिब्रेशनच्या (हत्याराच्या अचूकतेच्या तपासणीच्या) कागदावर किंवा गिऱ्हाइकाला द्यायच्या रिपोर्टवर चालत नाहीत, तिथे ९.८०६६५ च घ्या. हा आकडा आला तो १९०१ साली पॅरिसच्या वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने गुरुत्वाकर्षणाचं प्रमाण मूल्य ठरवलं तेव्हापासून. न्यूटन हे नाव त्याच परिषदेने १९४८ मध्ये स्वीकारलं आणि एसआय, म्हणजे एककांची आंतरराष्ट्रीय पद्धत, १९६० मध्ये आली. आपल्याकडे मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा. त्यानंतरही कित्येक वर्षं कारखान्यांत किलोचीच भाषा चालू राहिली, त्यामुळे जुन्या मशीनची पुस्तिका एका भाषेत आणि नवं हत्यार दुसऱ्या भाषेत, हे आपल्या गाळ्यांमध्ये घडतच राहणार.

चुकीवरून कारण ओळखा

लावलेला आकडा आणि लागायला हवा होता तो आकडा, दोन्ही एकाच एककात आणून भागाकार करा. उत्तर काय येतं त्यावरून चूक बरीचशी कळते.

दहाव्या भागाच्या आसपास आलं तर वरची पायरी खालची समजून वापरलीय: किलो-मीटरचा आकडा न्यूटन-मीटरच्या रेंचवर, किंवा न्यूटन-मीटरचा आकडा किलो-सेंटीमीटरच्या रेंचवर. लक्षण म्हणजे बोल्ट सैल पडणं, गॅस्केटमधून तेल झिरपणं, आणि रेंच फार लवकर वाजणं. दहापट आलं तर उलट चूक. ही सहसा लगेच उघडी पडते, कारण एम-६ बोल्ट दहापट पिळायच्या आतच तुटतो. शंभरपट किंवा शंभरावा भाग आला तर मीटर-सेंटीमीटरची गल्लत. दहाव्या भागाची चूक सर्वांत धोक्याची, कारण काहीच तुटत नाही, रेंच वाजतो, रजिस्टरमध्ये सही होते, आणि बोल्ट दुसऱ्या दिवशी सैल होतो.

भागाकार १.१५ आला तर मेट्रिकमध्ये शोधूच नका. रेंचवरची इंच-पाऊंडची पट्टी किलो-सेंटीमीटर समजून वाचली गेलीय. एक इंच-पाऊंड म्हणजे १.१५ किलो-सेंटीमीटर. दोन एककं इतकी जवळ आहेत की चूक दिसतच नाही, फक्त बोल्ट जरा जास्त आवळले जातात. १.३६ आला तर फूट-पाऊंड आणि न्यूटन-मीटरची अदलाबदल. दुहेरी पट्टीच्या रेंचवर ही चूक फार होते. एका बाजूला न्यूटन-मीटर, पाना उलटा धरला की दुसऱ्या बाजूला पाऊंड.

आणखी एक चूक पुस्तिकेच्या छपाईतून येते. बऱ्याच पुस्तिकांत आकडा असा छापतात: २४ न्यूटन-मीटर, आणि पुढे कंसात २.४ किलो-मीटर. घाईत डोळा कंसातल्या आकड्यावर पडतो आणि एकक बाहेरचं उचललं जातं. मोबाइलवर फोटो काढून पाठवला की हे हमखास होतं, कारण फोटोत निम्मी ओळ कापलेली असते.

एककाच्या लिहिण्याच्या तऱ्हाही ओळखून ठेवा. जुन्या जपानी पुस्तिकांत एम आधी आणि केजी नंतर येतो. तो एम मीटरचा असतो, तो काही ‘मिली’ नव्हे. जर्मन कागदांवर केपी दिसेल. ते किलोपाँड, म्हणजे आपला किलोग्रामचाच जोर. फ्रेंच मशीनवर डेकान्यूटन-मीटर असतं. ते नेमकं दहा न्यूटन-मीटर, त्यात ९.८ चा संबंधच नाही. आणि मोटरच्या कॅटलॉगमध्ये मीटरवर वर्गाचा दोन दिसला तर तो टॉर्क नाही, जडत्वाचा आकडा आहे. त्याचं रूपांतर करत बसू नका.

पट्टी कुठल्या एककाची, हे वजन टांगून बघा

जुन्या रेंचवरची छपाई पुसली गेलेली असते. आमच्या काकांच्या रेंचवर तर फक्त आकडे उरलेत. अशा वेळी कॅलिब्रेशन लॅबला पाठवायच्या आधी एक साधी परीक्षा घरच्या घरी होते.

रेंचचा चौकोनी ड्राइव्ह (ज्यावर सॉकेट बसतं तो खुंट) बाकावरच्या वाइसमध्ये पकडा, जबड्यांना पितळेची पट्टी लावून. रेंच आडवा, जमिनीला समांतर. ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. समजा ते २० सेंटीमीटर आहे. मुठीच्या मध्यावर दोरीने ५ किलोचं वजन टांगा. आम्ही खालच्या वाण्याकडून सरकारी छाप असलेलं लोखंडी वजन मागून आणलं. पाच गुणिले वीस, म्हणजे १०० किलो-सेंटीमीटर, म्हणजेच ९.८ न्यूटन-मीटर. त्यात रेंचचं स्वतःचं वजन मिळवायचं: रेंच बोटावर तोलून समतोलाची जागा शोधा. ४०० ग्रॅमचा रेंच ड्राइव्हपासून १२ सेंटीमीटरवर तोलला जात असेल तर त्याचे ४.८ किलो-सेंटीमीटर. एकूण सुमारे १०५ किलो-सेंटीमीटर, १०.३ न्यूटन-मीटर.

आता रेंच ९ वर लावून वजन हळूच सोडा. वाजला तर १२ वर लावा. त्यावर वाजला नाही, तर पट्टी न्यूटन-मीटरची. ९० आणि १२० च्या दरम्यान हेच झालं तर किलो-सेंटीमीटरची. वजन सोडताना पाय बाजूला ठेवा आणि झटका देऊ नका, झटक्याने रेंच आधीच वाजतो. ही परीक्षा फक्त एकक ओळखण्यासाठी आहे, रेंचची अचूकता ठरवण्यासाठी नाही. (मुंबईत गुरुत्वाकर्षण ९.७९ च्या जवळ आहे, प्रमाण ९.८०६६५ पेक्षा किंचित कमी. इथे टांगलेला किलो हजारात दोन भागांनी कमी ओढतो. या परीक्षेला त्याने फरक पडत नाही, लॅबला पडतो.)

आकडे जुळले तरी बोल्ट त्रास देत असेल

मग एककाचा दोष नाही. आटे तेलकट आहेत का बघा. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांचा असेल आणि तुम्ही तेल लावलं, तर त्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो. रेंचच्या पुढे आडवा जोडपाना लावला असेल तर दांडी लांबते, आणि रेंचवर आकडा कमी लावावा लागतो: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक जोडपाना. जोडपाना काटकोनात लावला तर लांबी वाढत नाही, ही सोपी पळवाट आहे. आणि मोठ्या रेंचच्या पट्टीच्या तळाशी लहान बोल्ट आवळू नका; तिथे क्लिक भरवशाचा नसतो.

झाकणांचं वेगळं

बोल्टांचा घोळ मिटल्यावर आम्ही झाकणांचंही रजिस्टर उघडलं, आणि तिथे दुसरी गंमत नव्हे, दुसरी चूक तयार होत होती. गिऱ्हाइकाच्या कागदावर २८ मिलिमीटरच्या झाकणासाठी १.६ न्यूटन-मीटर. आमचा कॅप टॉर्क मीटर किलो-सेंटीमीटरचा. चार खुंट्यांमध्ये बाटली घट्ट बसवायची, झाकण हाताने फिरवायचं, झाकण सुटलं की लाल काटा सर्वांत वरच्या आकड्यावर अडकून राहतो. १.६ न्यूटन-मीटर म्हणजे १६.३ किलो-सेंटीमीटर. नाईटच्या मुलाला मी बोल्टांच्या वेळी समजावलं होतं की ‘किलोवरून न्यूटनला जाताना दहाने गुण’. त्याने इथे उलट दिशा धरून ‘न्यूटनवरून किलोला दहाने भाग’ केलं आणि वहीत ०.१६ लिहिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ०.१६ बरोबर आहे, पण किलो-मीटरमध्ये. माझं समजावणं अपुरं होतं. तेव्हापासून मी नुसतं ‘किलो’ म्हणणं सोडलंय.

झाकण लावतानाचा आणि उघडतानाचा टॉर्क एक नसतो, प्लास्टिक सैलावतं आणि उघडण्याचा आकडा कमी येतो. म्हणून रजिस्टरमध्ये कुठला टॉर्क, लावल्यानंतर किती वेळाने, हेही लिहा. नाहीतर एककात चूक नसताना एककावर संशय जातो.

लॅमिंग्टन रोडवरून छोट्या सर्व्हो मोटर घेणाऱ्या मुलांसाठीही एक वाक्य: तिथे ‘दहा किलोची सर्व्हो’ म्हणतात ती दहा किलो-सेंटीमीटरची. शाफ्टपासून एक सेंटीमीटरवर दहा किलो, दहा सेंटीमीटरवर एकच किलो, आणि तेही मोटर अडून बसते त्या टोकाला. न्यूटन-मीटरमध्ये ती एकापेक्षाही किंचित कमी भरते.

मोटर-गिअरबॉक्सचं काम करणाऱ्यांनी एक खूणगाठ बांधून ठेवावी. किलोवॉट गुणिले ९,५४९ भागिले आरपीएम, की न्यूटन-मीटर मिळतात. दीड किलोवॉटची, म्हणजे दोन एचपीची, १,४४० आरपीएमची मोटर घ्या: ९.९५ न्यूटन-मीटर, जवळपास एक किलो-मीटर. ही मोटर प्रत्येक गाळ्यात असते. कुठल्याही कॅटलॉगमधल्या आकड्याचं एकक कळेना, तर हिच्याशी ताडून बघा. किलो-मीटरचा आकडा असेल तर फॉर्म्युल्यात ९,५४९ च्या जागी ९७४ घ्या. ही दोन संख्यांची अदलाबदलही मी बघितली आहे, आणि तिथेही चूक दहापटीचीच येते.

आता भिंतीवर नवं कार्ड आहे. प्रत्येक ओळीत बोल्ट, न्यूटन-मीटर, किलो-सेंटीमीटर, आणि कुठल्या हत्याराने आवळायचं ते: एम-६, ७.८ न्यूटन-मीटर, ८० किलो-सेंटीमीटर. किलो-मीटरचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही, कारण आमच्याकडे त्या पट्टीचं हत्यारच नाही. नव्या स्क्रूड्रायव्हरचा पल्ला ५ न्यूटन-मीटरपर्यंतच जातो, म्हणून एम-६ साठी वेगळा छोटा रेंच घेतला. स्क्रूड्रायव्हरवर ‘फक्त एम-४’ अशी पट्टी चिकटवली. काकांच्या जुन्या रेंचवर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘किलो-सेंटीमीटर’ लिहिलं. आवळून झालं की बोल्टाच्या माथ्यावरून बॉडीपर्यंत पिवळ्या मार्करची एक सरळ रेघ ओढतो. शिफ्ट बदलताना ती रेघ मोडली आहे का, एवढंच बघायचं. पाना लावायचा नाही. आवळलेल्या बोल्टावर ‘जरा बघतो’ म्हणून पाना घालण्याची सवय मोडायला काकांना दोन आठवडे लागले. चौथ्या भोकात मूळचे आटे अजून शाबूत आहेत.